बीपी नॉर्मल आहे, कारण गोळी चालू आहे

(यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या आरोग्यविषयक बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

 



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी इंजिनिअरिंग केलं आणि पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. तरी संयोजकांनी मला या विषयावर बोलायला सांगितलं, कारण आमच्या घरात गेली तीन वर्षं ब्रेन हॅमरेज झालेला पेशंट आहे आणि त्याच्या गोळ्यांचा हिशेब माझ्याकडे आहे. कोणती गोळी आणि किती, हे डॉक्टर ठरवतात. त्यात मी पडणार नाही, तुम्हीही पडू नका. पण डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी घरी आल्यावर तिचं काय होतं, याची जबाबदारी आपली असते. मी आज त्याबद्दलच बोलणार आहे.

पेशंट म्हणजे आर्णीचे माझे मामू. वय अठ्ठावन्न, शिलाईचं दुकान. पाच-सहा वर्षांपूर्वी एका शिबिरात त्यांचं बीपी १६०/१०० निघालं. गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी मोजलं तर १३०/८४. मामू म्हणाले, "आता नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?" घरातल्या सगळ्यांना ते पटलं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, मशीन दिवसभर चालत होती. मग एके दिवशी सकाळी कापड बेततानाच उजव्या हातातली कात्री पडली, तोंड वाकडं झालं आणि शब्द अडखळायला लागले. दवाखान्यात बीपी २१०/१२०. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला आत खोलवर रक्त साचलेलं दिसलं.

"नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?" हे वाक्य आपल्या जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत घरोघरी ऐकू येतं. त्याचं उत्तर आज इथून घेऊन जा: नॉर्मल आहे, कारण गोळी चालू आहे.

लकवा एक, कारणं दोन

आपण सगळ्यालाच लकवा म्हणतो. पण आत दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. एकात रक्ताची गुठळी अडकून मेंदूचा रक्तपुरवठा बंद पडतो. दुसऱ्यात मेंदूतली बारीक रक्तवाहिनी फुटते आणि रक्त मेंदूतच साचतं. याला ब्रेन हॅमरेज म्हणतात. वर्षानुवर्षं वाढलेल्या दाबामुळे मेंदूच्या खोल भागातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या कमजोर होत जातात आणि एक दिवस फुटतात. हॅमरेजचं हे सर्वांत मोठं कारण आहे.

बाहेरून पाहून दोन्ही सारखेच दिसतात. तोंड वाकडं होतं, हात-पाय लुळा पडतो, बोलणं अडखळतं. कितीही अनुभवी डॉक्टर असो, सीटी स्कॅनशिवाय फरक खात्रीने सांगता येत नाही. आणि फरक कळल्याशिवाय औषध देता येत नाही, कारण गुठळीच्या लकव्यात रक्त पातळ करणारी औषधं देतात. तीच गोळी ताज्या रक्तस्रावात घातक ठरू शकते.

म्हणून शेजारच्या चाचांना लकवा झाला होता, त्यांना अमुक गोळीने बरं वाटलं, ती यांनाही देऊन बघू, असं करू नका. चाचांचा लकवा गुठळीचा असेल आणि आपल्या घरचा रक्तस्रावाचा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी औषधं आहेत. हॅमरेजच्या पेशंटला आधी हृदयासाठी ती चालू असतील, तर पुन्हा सुरू करायची की नाही आणि कधी, हा मेंदूच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा निर्णय आहे. मेडिकलच्या काउंटरवर तो होऊ शकत नाही.

पहिले काही तास

रक्तवाहिनी फुटल्यावर रक्तस्राव लगेच थांबतोच असं नाही. अनेक पेशंटमध्ये पहिल्या काही तासांत साचलेल्या रक्ताचा गोळा वाढत जातो, आणि तो जितका मोठा तितकं नुकसान जास्त. म्हणून या तासांत शिरेतून औषध देऊन बीपी खाली आणतात. २०२३ मध्ये 'इंटरॲक्ट-३' या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दहा देशांतले सात हजारांहून जास्त पेशंट त्यात होते आणि त्यात आपला भारतही होता. वरचा आकडा तासाभरात १४० च्या खाली आणायचा, साखर आणि ताप आटोक्यात ठेवायचा, वॉरफेरिन चालू असेल तर त्याचा परिणाम उलटवायचा. हे सगळं एकत्र आणि लवकर केलं, तेव्हा सहा महिन्यांनंतर पेशंटची अवस्था जास्त चांगली होती आणि मृत्यूही कमी झाले. यात महागडं नवं मशीन नाही, नवं औषध नाही. वेळ पाळणं आणि पद्धत पाळणं, एवढंच आहे.

पण 'जितकं खाली तितकं चांगलं' असाही अर्थ काढू नका. २०१६ च्या एका अभ्यासात बीपी आणखी जोरात उतरवून पाहिलं. त्याचा जास्त फायदा झाला नाही आणि किडनीचा त्रास मात्र वाढला. आजची मार्गदर्शक तत्त्वं बहुतेक पेशंटसाठी सुरुवातीला १४० च्या आसपास, म्हणजे १३० ते १५० च्या दरम्यान राहावं, असं सांगतात. त्यामुळे आयसीयूच्या दारात उभं राहून "अजून १४२ का आहे, लवकर उतरवा" असा तगादा डॉक्टरांमागे लावू नका. आणि घरी तर कुणाच्याही सांगण्यावरून कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकू नका. त्याने बीपी एकदम कोसळतं आणि आधीच जखमी झालेल्या मेंदूला रक्त कमी पडू शकतं.

पहिल्या तासात कुटुंबाने करायच्या गोष्टी तीन. १०८ ला फोन करा. लक्षणं नेमकी किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत टाकून सोबत न्या. आणि एक काम आजच करून ठेवा. आपल्या गावापासून सर्वांत जवळचा सीटी स्कॅन कुठे आहे आणि तो रात्री चालू असतो का, ते विचारून ठेवा. यवतमाळ, दारव्हा, नेर, बाभूळगावच्या लोकांना यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. उमरखेडच्या माणसाला कदाचित नांदेड जवळ, वणीच्या माणसाला चंद्रपूर. हा विचार रात्री दोन वाजता पेशंटला गाडीत घातल्यावर करायचा नसतो.

घरी आल्यावर खरा लांबचा पल्ला

मामू बारा दिवसांनी घरी आले. नातेवाईक भेटायला आले, शिरखुर्मा झाला. सगळ्यांना वाटलं, संकट टळलं. पण एकदा हॅमरेज झालेल्या माणसाला पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा खूप जास्त असतो आणि दुसरा झटका पहिल्यापेक्षा भारी पडू शकतो. तो धोका कमी करण्याचं आपल्या हातातलं सर्वांत मोठं साधन म्हणजे बीपी.

२००१ मध्ये 'प्रोग्रेस' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी लकवा किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेलेले सहा हजारांहून जास्त लोक त्यात होते. ज्यांना बीपीचं औषध मिळालं, त्यांच्यात पुन्हा लकवा येण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं. रक्तस्रावाच्या लकव्याचं प्रमाण तर जवळपास निम्म्यावर आलं. ज्यांचं बीपी सुरुवातीला फार वाढलेलं नव्हतं, त्यांनाही फायदा झाला. आज डॉक्टर हॅमरेजनंतर लांबच्या काळासाठी साधारण १३०/८० हे लक्ष्य धरतात. पेशंटचं वय, किडनी, चक्कर हे पाहून त्यात बदल करतात.

आता 'गोळी थांबवली तरी काही झालं नाही' हा भ्रम कुठून येतो, ते सांगतो. आपल्याकडे सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी म्हणजे ॲम्लोडिपिन. ती शरीरात हळूहळू साठते. पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर लागतो. आणि बंद केली तर ती जातेही हळूहळू. रक्तातलं तिचं प्रमाण निम्मं व्हायलाच तीस ते पन्नास तास लागतात. म्हणजे रविवारी गोळी संपली आणि मंगळवारी बीपी मोजलं, तर आकडा चांगलाच दिसू शकतो. माणूस म्हणतो, "बघा, गोळीशिवायही नॉर्मल आहे." तो आकडा गेल्या आठवड्यातल्या गोळीचा असतो. पुढे बीपी चढत जातं तेव्हा कुणी मोजत नाही, कारण खात्री पटलेली असते.

याचीच दुसरी बाजू. गोळी सुरू करून दोनच दिवस झाले, बीपी अजून १५० आहे, म्हणून स्वतःच एकाच्या दोन करू नका. आठवडाभराच्या नोंदी डॉक्टरांना दाखवा. काही गोळ्या, उदाहरणार्थ क्लोनिडिन, अचानक थांबवल्या तर बीपी उसळी मारून आधीपेक्षाही वर जातं. कोणतीही गोळी बंद करायची असेल, तर डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच करा. एखाद्या दिवशी चुकलीच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका.

इथे मला इतिहासातलं एक उदाहरण द्यावंसं वाटतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. मार्च १९४४ मध्ये हृदयाचे डॉक्टर हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासलं, तेव्हा बीपी १८६/१०८ होतं. पुढे ते वाढतच गेलं. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी मोजलेला आकडा ३००/१९० च्या वर होता. महायुद्ध चालवणारा, जगातला सर्वांत ताकदवान माणूस, आणि डॉक्टरांकडे त्याच्यासाठी विश्रांती आणि कमी मीठ याखेरीज बीपीवर देण्यासारखं फारसं काही नव्हतं. आज त्या आजाराची गोळी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. बाहेर घ्यायची म्हटली तर जन औषधी केंद्रात ती अगदी स्वस्त आहे. रूझवेल्टना जे मिळालं नाही ते आर्णीच्या शिंप्याला मिळतं. मग ते वाया जाऊ द्यायचं का?

आम्ही घरात काय व्यवस्था लावली

मी सॉफ्टवेअरवाला आहे, तर लोकांना वाटतं याने ॲप बनवलं असेल. नाही. मामी आठवी शिकलेल्या आहेत, फोन मुलाकडे असतो. आम्ही एक शंभर पानी वही घेतली. त्यात चार रकाने: तारीख, सकाळचं बीपी, संध्याकाळचं बीपी, गोळी घेतली का. दर रविवारी त्या पानाचा फोटो मला व्हॉट्सॲपवर येतो. तीन वर्षांत तीन वह्या झाल्या. डॉक्टर केसपेपरच्या आधी ती वही मागतात.

पहिली गोष्ट, गोळीचं खरं नाव. डिस्चार्जनंतर दीड महिन्याने मामूंना उठताना अंधारी यायला लागली. बीपी मोजलं तर ९६/६०. मी व्हिडिओ कॉलवर सगळ्या स्ट्रिप एकेक करून दाखवायला सांगितल्या. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या रंगांच्या, वेगळ्या नावांच्या गोळ्या, आणि दोन्हींवर खाली बारीक अक्षरात तेच लिहिलेलं: टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम. एक दवाखान्यातून आली होती, दुसरी नंतर गावात मिळाली होती. दोन्ही रोज चालू होत्या. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एक बंद केली. म्हणून सांगतो, कंपनीचं नाव पाठ करू नका. आतलं औषध आणि मिलिग्रॅम वहीच्या पहिल्या पानावर मराठीत लिहा: ॲम्लोडिपिन ५, सकाळी एक. नवीन स्ट्रिप आली की त्या पानाशी जुळवा. एका गोळीत दोन औषधंही असतात, तेही पाहा.

दुसरी गोष्ट, मोजण्याची पद्धत. बीपीचा आकडा फार लहरी असतो. दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घ्या. मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, कारण लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, खर्रा काही नको. लघवीला जाऊन या. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा. हात हृदयाच्या उंचीवर टेकवा. लुळ्या हातावर मोजू नका, चांगल्या हातावर मोजा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि मोजताना बोलू नका. डॉक्टरकडे जायच्या आधीचा आठवडा सकाळ-संध्याकाळ मोजलं, तर त्यांना निर्णय घ्यायला सोपं जातं. एखाद्या दिवशी १४८ आलं म्हणून घाबरू नका, एखाद्या दिवशी ११८ आलं म्हणून गोळी टाळू नका. कल बघायचा असतो. उठल्यावर चक्कर येत असेल, तर उभं राहूनही एकदा मोजा. हॅमरेजच्या पेशंटला पडून डोक्याला मार लागणं परवडत नाही.

तिसरी गोष्ट, साठा. दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढच्या महिन्याच्या आणायच्या. शेवटच्या गोळीची वाट पाहायची नाही. पावसाळ्यात तर जास्तच. जुलै २०२३ मध्ये आपल्याच महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्या लोकांसाठी वायुदलाची हेलिकॉप्टर पाठवावी लागली होती, हे तुम्ही विसरला नसाल. अशा वेळी मेडिकलपर्यंत कोण जाणार?

चौथी गोष्ट, जबाबदारी. 'घरातले सगळे बघतात' म्हणजे कुणीच बघत नाही. आमच्याकडे गोळी देणं मामींचं काम. त्या माहेरी गेल्या तर धाकट्या मामेभावाचं. तिसरा मी, फोटो तपासणारा. हे वहीत लिहिलेलं आहे.

आणखी एक. हॅमरेजनंतर पुष्कळ पेशंटना गिळता येत नाही, नाकातून नळी असते. घरचे सगळ्या गोळ्या कुटून नळीतून देतात. काही गोळ्या कुटलेल्या चालतात. पण दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या गोळ्या, ज्यांच्या नावापुढे एक्सएल, एसआर, रिटार्ड असं काही लिहिलेलं असतं, त्या कुटल्या तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. डिस्चार्जच्या वेळी प्रत्येक गोळीबद्दल विचारा: ही कुटायची का? झटके येऊ नयेत म्हणून औषध चालू असेल तर तेही बीपीच्या डॉक्टरांना दाखवा. फेनिटॉइनसारख्या औषधाने ॲम्लोडिपिनचा परिणाम कमी होऊ शकतो.

गोळी चालू असूनही बीपी वाढतं तेव्हा

पहिला संशयित म्हणजे अंगदुखीची गोळी. कापूस वेचून, पोती उचलून, दिवसभर शिलाई करून अंग ठणकतं आणि आपण मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतो. या गोळ्या बीपी वाढवतात, बीपीच्या काही गोळ्यांचं काम कमी करतात आणि किडनीवर ताण आणतात. दुखण्यासाठी काय चालेल, ते डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवा. दुसरा संशयित मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात सगळं आलं. ताटातलं वरचं मीठ बंद केलं तरी लोणचं, पापड, ठेचा, फरसाण, बेकरीचं खारं यांतून ते येतच राहतं. तिसरा आपल्या विदर्भाचा लाडका खर्रा. खर्ऱ्यातल्या तंबाखूने नाडी आणि बीपी दोन्ही चढतं. हॅमरेज झालेल्या माणसाच्या हातात खर्ऱ्याची पुडी देणारा दोस्त त्याचा दोस्त नव्हे.

आता उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. घाम जातो, खाणं कमी होतं, आणि बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, जसं क्लोरथॅलिडोन. अशा वेळी बीपी खूप खाली येऊ शकतं किंवा रक्तातलं सोडियम उतरतं. म्हातारा माणूस गुंगीत जातो, असंबद्ध बोलतो, आणि घरच्यांना वाटतं दुसरा झटका आला. फरक घरी करत बसू नका, दवाखान्यात न्या. त्याहून चांगलं म्हणजे होळी झाली की एकदा डॉक्टरांना भेटून विचारा: उन्हाळ्यात डोस हाच ठेवायचा का? सोडियम, पोटॅशियम आणि किडनीची तपासणी करायची का?

रमजानचा प्रश्न इथे बसलेल्या प्रत्येकाच्या मनात असणार. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे, हे आपण सगळे जाणतो. हॅमरेज नुकतंच झालेल्या माणसाने ती सवलत मनाला लावून घेऊ नये. ज्यांची तब्येत स्थिर आहे आणि डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, त्यांच्या गोळ्यांची वेळ बदलता येते, कारण बऱ्याच गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात. पण ती बदलायची डॉक्टरांनी. शब-ए-बरात आली की डॉक्टरांची वेळ घ्या. पहिल्या रोज्याच्या सहरीला स्वतःच ठरवू नका. एकादशी-नवरात्राचे उपवास करणाऱ्या शेजाऱ्यांनाही हेच सांगा.

आपण मिळून काय करू शकतो

गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांत मृत्यूंची कारणं तपासली. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण लकवा निघालं, १४ टक्क्यांहून जास्त. त्यातले बहुतेक लोक घरीच गेले. लकवा, बीपी हे शहरातल्या श्रीमंतांचे आजार आहेत, ही समजूत आपल्याच विदर्भातल्या या अभ्यासाने खोडून काढली आहे.

२०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक मोठा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचा वर्धा होता. त्या कार्यक्रमात नर्ससाठी 'सिंपल' नावाचं मोबाईल ॲप वापरलं गेलं. माझ्या धंद्यातली गोष्ट म्हणून मी ते बारकाईने पाहिलं. त्यात चकचकीत काही नाही, नेटवर्क नसतानाही चालतं. त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटलेलं पान म्हणजे, या महिन्यात गोळी न्यायला कोण आलं नाही, त्यांची यादी. नर्स त्या यादीतल्या माणसाला फोन करते. दवाखान्यात आलेला माणूस सगळ्यांना दिसतो. न आलेल्याला शोधावं लागतं.

हे काम आपण आपल्या मोहल्ल्यात करू शकतो. मी तीन प्रस्ताव ठेवतो.

एक, प्रत्येक शाखेने एक दंडाचं बीपी मशीन घ्यावं. वाचनालयात किंवा कार्यालयात ठेवावं. आठवड्यातून एक दिवस, ठरलेल्या वेळी, कुणीही यावं. जात-धर्म विचारायचा नाही.

दोन, आपल्या वस्तीत ज्यांना लकवा किंवा हॅमरेज होऊन गेलं आहे, त्यांच्या घरच्यांच्या संमतीने एक छोटी यादी ठेवावी. महिन्यातून एकदा एका कार्यकर्त्याने जाऊन दोनच प्रश्न विचारावेत: गोळ्या किती दिवसांच्या उरल्या? वही दाखवता का? उपचार सांगायचे नाहीत, गोळी बदलायची नाही. गोळी संपली असेल तर आशाताईंशी, आरोग्य केंद्राशी जोडून द्यायचं. आरोग्य केंद्रात गोळी नसेल तर लेखी विचारायचं, पुन्हा विचारायचं. हे आपल्याला जमतं. रेशनकार्डासाठी, दाखल्यांसाठी आपण हेच करत आलो आहोत.

तीन, मोजताना घरातल्या बायकांना विसरू नका. आमच्या मामी आठ महिने रोज दोनदा मामूंच्या दंडाला पट्टा बांधत होत्या. एका ईदला मी म्हटलं, "मामी, तुम्ही बसा, आता तुमचं मोजू." त्या हसल्या, मला काय झालंय म्हणाल्या. १५८/९६ आलं. पुढचे सात दिवस मोजलं, तसंच. आज त्यांचीही गोळी चालू आहे आणि वहीत त्यांचाही रकाना आहे. पेशंटची सेवा करणारी बाई स्वतः पेशंट असू शकते, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी सरकारी उपकेंद्रात मोजून मिळतं. आपल्या आयांना, खालांना, बहिणींना घेऊन जा.

इथून उठल्यावर घरी जाऊन फक्त एक काम करा. घरात ज्याला बीपीची गोळी चालू आहे, त्याची स्ट्रिप हातात घ्या, आतलं नाव वाचा आणि किती गोळ्या उरल्यात ते मोजा. दहाच्या खाली असतील, तर उद्या सकाळी आणा. मशीन मागच्या टेबलावर ठेवलं आहे. चहा मोजून झाल्यावर घ्या, आधी नको.